पितळी टाकीचा जोड

पलूस,
५ जानेवारी २०२५

अफताब,

नमस्कार-चमत्कार काय लिहीत न्हाई. तू माझा फोन उचलत न्हाईस. जामिनाच्या अटीत लिहिलंय, फिर्यादीला भेटायचं न्हाई, फोन करायचा न्हाई, माणूस धाडायचा न्हाई. पत्राचं नाव त्यात कुठं न्हाई. वकिलाला विचारलं बी न्हाई, विचारलं असतं तर नकोच म्हणला असता. लोणंदचा तुझ्या सासुरवाडीचा पत्ता मला पाठ हाय, तुझ्या लग्नाच्या पत्रिका मीच वाटत फिरलो हुतो.

आता मुद्द्याचं. ११ मार्चला कराडच्या कोर्टात आपली केस उभी राहतीय. तू सांगणार, उदयसिंहानं चाकाच्या पान्यानं माझा उजवा हात मोडला. सांग की. मोडलाय. मलकापूरच्या हायवेवर, भर दुपारी, सगळं वऱ्हाड बघत असताना मोडलाय, मी न्हाई कशाला म्हणू? पण का मोडला ते बी सांग. माझी सख्खी धाकटी बहीण लग्नाच्या शालूत उकळत्या पाण्यानं भाजली. मानेपासनं कोपरापर्यंत कातडं निघालं साक्षीचं. कुणाच्या कामामुळं? गाडीच्या रेडिएटरची फुटकी प्लास्टिकची टाकी काढून पितळेची कुणी बसवली? कथलाचा जोड कुणी मारला? तूच. छातीवर हात मारून म्हणला हुतास, "उदय्या, आपण दोघं मातीत जाऊ, ह्यो जोड सुटायचा न्हाई." सुटला की रं! लग्नाच्या दिवशीच सुटला.

म्हणून सांगतो, फिर्याद मागं घे. मी बी गप बसतो, तू बी गप बस. न्हाईतर मी काय करणार हाय ते ऐक. गाडी वरीसभर गोठ्याशेजारच्या शेडात ताडपत्रीखाली हाय. पंचनामा करून पोलिसांनी सोडली, तवापासनं तिला कुणी हात लावला न्हाई. आता मी लावणार. आपली कोंबडा गाडी मी स्वतः उघडणार. तो फुटका जोड न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवणार आन म्हणणार, बघा साहेब ह्याची कारागिरी.

मी फौजेत सतरा वर्षं ड्रायव्हर हुतो, मिस्त्री न्हवं, हे खरं. पण पाना मला धरता येतोय. ते तुला सांगायला नको.

उदयसिंह


पलूस,
१९ जानेवारी

अफताब,

पत्र पोचलं न्हाई असं म्हणू नको. पोष्टमन ओळखीचा हाय.

गाडी उघडली. आधी बोल्टच निघंनात. पुढचं नाक काढायला दोन दिवस गेलं. एक बोल्ट असा गंजलाय की रॉकेल ओतलं, ठोकला, आईमाई काढली, तरी हलंना. शेवटी पाना निसटला आन माझी चारी बोटं पत्र्यावर फाटली. मला असला राग आला की घण घेतला आन उजव्या दाराची काच फोडली. मग डावी बी फोडली, एकटी कशाला ठेवायची म्हणून. आई चुलीपासनं पळत आली. म्हणली, "कुणाला मारतोयस रं मुडद्या?" म्हणलं, कुणाला न्हाई. म्हणली, "मग ठीक हाय," आन आत गेली. गेल्या वरसापासनं ती माझ्याशी असंच बोलती.

तुला आठवतंय, ही गाडी आपण कशी आणली? त्या डॉक्टरच्या शेडात कोंबड्या अंडी घालत हुत्या तिच्या सीटवर. पस्तीस वरसांची जपानी गाडी, दोन दारं, दोन सीटा, इंजिन सीटच्या मागं आन रेडिएटर पार पुढं नाकात. मधी पोटाखालनं दोन लांब नळ्या. तुझं अब्बा, बशीरचाचा, म्हणलं हुतं, "अरे, इसका दिल पीछे और नाक आगे, ह्ये जनावर हाय का गाडी?" बटन दाबलं की पुढचं दिवं डोळं वर काढायचं, लाल रंग, म्हणून आपण कोंबडा म्हणायचो. चार महिने तू मलकापूरचं रेडिएटरचं दुकान सांभाळून रात्रंदिवस राबलास. मी काय केलं? मी पुसली.

रेडिएटर काढलाय. त्यातलं पाणी जरा गढूळ निघालं. गंज असंल. लग्नाच्या त्या आठवड्यात मी इंजिनाला बोट बी लावलं न्हवतं, सगळं तूच बघत हुतास, हे कोर्टात सांगणार हाय. माझा वकील लय हुशार हाय. तो म्हणतो, फिर्यादीनं आधी हात उगारला असं साक्षीनं सांगितलं की झालं. नवरी मुलगी, भाजलेली, तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार?

म्हणून परत सांगतो, मागं घे. मी असा माणूस हाय की एकदा सुटलो तर मला मीच आवरत न्हाई, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

उदयसिंह


पलूस,
२ फेब्रुवारी

अफताब,

आज रेडिएटर गोठ्यातल्या हौदात बुडवला. वरची तोंडं रबरानं बंद केली, एका तोंडाला सायकलचा पंप लावला. तूच शिकवलंयस हे, जिथनं बुडबुडं येतील तिथं भोक. जोड कुठंतरी उसवला असणार, एक तरी बुडबुडा निघणार, तो मोबाईलवर टिपून वकिलाला धाडायचा, असा माझा बेत.

पंप मारला. न्हाई. परत मारला. न्हाई. म्हणलं पाणी हिंदकळतंय, थांबू या. म्हशी पाणी प्यायला आल्या, त्यांना हाकललं. हौदाच्या काठावर गुडघं टेकून, तोंड पाण्याजवळ नेऊन बघत बसलो. एक बुडबुडा निघू दे रं बिरोबा, एक. म्हणलं कोंबडं कापतो. घाम फुटंपर्यंत पंप मारला. पंपाची नळी फुटली, पण तुझा जोड काय उसवला न्हाई.

मग मी तो पंप गुडघ्यावर मोडला आन पहिल्यांदा हाताला लागंल त्याला मारलं. आमचा जुना गडी अर्जुना मधी आला, "मालक, पुरं करा," म्हणला, तर त्याला बी एक ठेवून दिली. साठ वरसांचं म्हातारं माणूस. त्यो टोपी उचलून, झटकून, गपगुमान वैरण टाकायला गेला. रडला असता तर बरं वाटलं असतं.

जोड सुटला न्हाई याचा अर्थ तू सुटलास असा न्हवं. पाणी तर उकळलंच. कशानं उकळलं? तूच काय तरी घोळ घातला असशील. नळी उलटी बसवली असशील. हवा काढायची राहिली असंल. मी शोधणार.

परवा मलकापूरला गेलो हुतो, वकिलाकडं. तुझ्या दुकानाचं शटर खाली. बशीरचाचा बाहेर फळीवर बसलं हुतं. मला वाटलं शिव्या देतील. तर म्हणलं, "बैठ बेटा, चाय पी." मी बसलो न्हाई. मग म्हणलं, "आधी त्याच्या मुठीत पितळेची कांब वाकायची. आता चमचा पडतोय." मी फटफटीला किक मारली आन निघालो.

आपल्या अख्ख्या पलूसच्या जत्रेत तुझा पंजा कुणी पाडला न्हवता. दहावीत तू मला एक कानाखाली दिली हुतीस, आठवतंय? साक्षी चार वरसांची हुती, मी तिला कालव्याच्या काठावर दोन्ही हातांनी पाण्यावर लोंबकळत धरली हुती, गंमत म्हणून. ती किंचाळत हुती, मी हसत हुतो. तू मागनं आलास, तिला घेतलीस, खाली ठेवलीस आन मग दिलीस. दोन दिवस कानात शिट्टी वाजत हुती. बाबांचा आसूड बी मला तेवढा कधी लागला न्हाई.

हे कशाला लिहिलं कुणास ठाऊक. उत्तर दे.

उदय


पलूस,
१३ फेब्रुवारी

अफताब,

कार्ड मिळालं. एका वरसात तुझं पहिलं उत्तर, आन ते बी तीन ओळींचं. उतरून काढतो, म्हणजे मी वाचलं हे तुला कळंल:

"रेडिएटर उलटा करा. खालच्या तोंडातून जोरात पाणी सोडा. काय निघतं ते बघा, मग लिहा. हे सांगतात ते मी लिहिते, त्यांना पेन धरता येत नाही. — रुमाना."

तुझ्या सांगण्यावरनं न्हवं, माझं मला करायचंच हुतं म्हणून केलं. बोअरची मोटर लावून खालनं पाणी सोडलं.

काय निघालं न्हाई. गंज निघाला.

उदयसिंह


पलूस,
२४ फेब्रुवारी

अफताब,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या मागच्या पत्रात बी, आन त्याच्या बी मागच्या. सगळं सांगतो. आज सांगितलं न्हाई तर पुन्हा माझ्यानं सांगणं व्हायचं न्हाई.

काल साक्षी कराडहून आली हुती. मीच बोलवली, वकिलानं लिहून दिलेला कागद पाठ करून घ्यायला. "अफताबनं आधी माझ्या भावावर हात उगारला." एवढंच वाक्य. ती कागद वाचत सोप्यात बसली हुती. शेजारच्या रानात हळद शिजवत्यात सध्या, काहिल चढलीय, सगळ्या गल्लीत त्याचा वास. साक्षी एकदम उठली आन मोरीत जाऊन वकली. आई पाणी घेऊन गेली. ती तोंड पुसत बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आन म्हणली, "दादा, त्या दिवशी माझ्या अंगावर जे पडलं त्याला ह्योच वास हुता."

मी म्हणलं, गप बस.

म्हणली, "शिजल्या हळदीचा. मला त्याच वक्ताला कळलं हुतं. मी वरीसभर वाट बघितली, दादा आज सांगंल, उद्या सांगंल. तू मलाच खोटं बोलायला शिकवतोयस व्हय?"

मी उठलो. हात उगारला. खरंच उगारला रं, माझ्या भाजलेल्या बहिणीवर. ती मागं सरली न्हाई. तिनं पदर खाली ओढला आन मान पुढं केली. "मार की. हितं मार. हितं आता कातडंच न्हाई, मला लागायचं न्हाई." ती मान मी वरसात पहिल्यांदा नीट बघितली. आई दारात उभी हुती. कुणी मधी पडलं न्हाई. मला वाटतं दोघींना बघायचं हुतं, मी मारतोय का.

न्हाई मारलं. पण ते माझं मोठेपण न्हवं. हात वरच राहिला, खालीच येईना.

आता ऐक.

लग्नाच्या आदल्या दिवशी चार वाजता मी फुलांच्या माळा बांधायला गाडी बाहेर काढली, तर नाकाखाली फरशीवर थेंब थेंब पाणी. तुला फोन केला. तू म्हणलास, "जोडाचं न्हाई ते, नळीची क्लिप ढिली असंल. नवी नळी गरम झाली की बसती, परत आवळावी लागती. तू हात लावू नको. सकाळी सहाला येतो, पाच मिनिटांचं काम." मी हूं म्हणलं. आन फोन ठेवल्यावर मला वाटलं, ह्याचा जोडच गळतोय आन ह्यो क्लिपवर ढकलतोय.

फौजेत आमचा उस्ताद ट्रकचा रेडिएटर गळला की हळद टाकायचा. पाण्यात फुगती, भोकात जाऊन बसती, गळती बंद. लेहला मी स्वतः बघितलंय. ट्रकच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद असत्यात, ह्या गाडीच्या काडीएवढ्या. हे मला कळायला पायजे हुतं. कळत बी असंल. पण पाहुणं जमलेली, सगळी म्हणत हुती, फौजी बहिणीला लाल गाडीतनं नेणार. मला दम न्हवता.

सोप्यात साक्षीच्या हळदीची परात भरून ठेवली हुती. सांगलीची अस्सल राजापुरी. त्यातली एक वाटी नेऊन टाकली. थेंब थांबंना. दुसरी टाकली. तिसरीला थांबला. बहिणीच्या अंगाला लावायची हळद रं, तीन वाट्या. मी हात धुतलं आन जेवायला बसलो.

सकाळी सहाला तू पाना घेऊन दारात. मी म्हणलं, क्लिप मी आवळली, तू जा, आंघोळ कर. तू म्हणलास, "नुसतं बघतो की." मी म्हणलं, सांगितलं न्हवं, जा. तू गेलास. क्लिप मी आवळली न्हवती.

कासेगाव ओलांडलं आन काटा तांबड्यात गेला. साक्षी म्हणली, दादा थांबू या. मी म्हणलं बारा पस्तीसचा मुहूर्त हाय, गप बस. मलकापूरला तुझ्या दुकानाच्या अलीकडं वाफ निघाली. मागं वऱ्हाडाच्या गाड्या, पोरं मोबाईल काढून हसत हुती. तापलेल्या इंजिनाचं टोपण उघडायचं न्हाई हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवत्यात. मी उघडलं. साक्षीच्या हातात पाण्याची बाटली दिली आन म्हणलं, हितं उभी ऱ्हा, मी उघडतो, तू ओत. टोपण उडालं. मी बाजूला उडी मारली. ती शालूत हुती, तिला उडी मारता आली न्हाई.

तू दुकानातनं पळत आलास. मी नुसता उभा हुतो. तू तिला धरून बाजूला नेलीस, बाटल्या फोडून तिच्या मानेवर गार पाणी सोडायला लागलास. डॉक्टर नंतर म्हणलं, त्या पाण्यामुळं तिचा गळा वाचला.

तवा मी खाली बघितलं. डांबरावर पिवळंजर्द पाणी वाहत हुतं. साक्षीच्या अंगावर कालची हळद हुतीच, तिच्याकडं बघून कुणाला काय कळणार न्हवतं. पण रस्त्यावरचं कळलं असतं. मामा उतरत हुतं, व्याही उतरत हुतं. अजून एका मिनिटानं तू वळला असतास आन सगळ्यांदेखत म्हणला असतास, उदय्या, हे काय घातलंस?

म्हणून मी पाना उचलला. रागानं न्हवं, अफताब. मला रागीट म्हणत्यात, मी त्याचा आडोसा केला. माझं डोकं त्या वेळी गार हुतं. लोकांनी खाली बघू नये म्हणून मी तुला मारलं.

तू पाठमोरा हुतास. पहिला घाव खांद्यावर बसला, तू पडलास. दुसरा पाठीत. तू तोंड वाचवायला उजवा हात वर केलास. मी त्यो हात बुटाखाली डांबरावर दाबला आन तिसरा, चौथा, पाचवा. हाडाचा आवाज आला. "ह्याच हातानं जोड मारलास न्हवं?" असं ओरडत हुतो मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सगळी तुझ्याकडं बघत हुती. रस्त्याकडं कुणी बघितलं न्हाई. मला पायजे हुतं तेच झालं.

पण तुझा गाल डांबरावर हुता. ते पिवळं पाणी तुझ्या तोंडापासनं वीतभर. तू ते बघितलंस. मग वर माझ्याकडं बघितलंस. आन गप बसलास. पोलिसांच्या कागदात त्यातलं एक अक्षर न्हाई, मी दहांदा वाचलाय.

तुझं कार्ड आल्यावर खालनं पाणी सोडलं तवा आधी काय आलं न्हाई, मग एकदम गोळ्या यायला लागल्या. पिवळ्या, वाळलेल्या, आत चिकटून घट्ट झालेल्या. हौदाचं सगळं पाणी पिवळं झालं. मी कुणी बघायच्या आत हौद रिकामा केला. बघ, अजून तीच खोड.

पण एक बरणी भरून ठेवलीय.

उदय


पलूस,
९ मार्च

अफताब,

गाडी जोडली. उलटं पाणी सोडून सोडून नळ्या मोकळ्या केल्या, चार दिवस गेलं. चुन्यानं जड झालेलं बोअरचं पाणी न्हाई वापरलं, मेडिकलमधनं शुद्ध पाण्याचं कॅन आणलं. क्लिप आवळली. अर्धा आटा लागला फक्त. हितंच सगळं संपलं असतं, तुझ्या पाच मिनिटांत.

हवा काढायचं काम एकट्याला जमंना. पुढं नाकाशी बसून बारका नळ उघडायचा आन त्याच वेळी मागं इंजिनापाशी कुणीतरी पाणी ओतत राहायचं. ते तू आन मी मिळून करायचो. कुणाला हाक मारायची? अर्जुना माझ्यासमोर येत न्हाई. त्याच्या पाया पडलो परवा, तरी येत न्हाई. शेवटी आई म्हणली, "दे हिकडं." पदर खोचला, चहाची किटली घेतली आन मागं उभी राहिली. मी पुढनं ओरडायचो, ओत. ती ओतायची. मी म्हणायचो, थांब. ती थांबायची. नळातनं फसफस हवा निघत हुती. मधीच ती मागनं म्हणली, "परातीतली हळद कमी झालीया हे मला त्याच दिवशी दिसलं हुतं." मी नळ जरा आवळला. ती म्हणली, "मला वाटलं मुंग्या लागू नयेत म्हणून कुणी लाडवांच्या डब्याभोवती टाकली. आई असले विचार करती बघ. ओतू का?" म्हणलं, ओत.

तीन तास इंजिन चालू ठेवलं. काटा मधोमध. गाडीखाली कोरडं.

परवा वकिलाला सांगितलं, काय करणार हाय ते. त्यानं फाईल टेबलावर आपटली. म्हणला, आत जाशील. म्हणलं, जातो.

मी गाडी घेऊनच येणार हाय कोर्टात. काचा न्हाईत, पण येईल.

उदय


कराड,
११ मार्च, संध्याकाळ

अफताब,

तुझी थप्पड मिळाली. पोच देतोय.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकील माझा शर्ट ओढत हुता. मी कबूल म्हणलं आन पिशवीतनं बरणी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी विचारलं, हे काय? सगळं सांगितलं, हळदीपासनं पान्यापर्यंत. तू पुढच्या बाकावर हुतास. मी तुझ्याकडं न बघता बोललो, तेवढी हिंमत अजून न्हाई. साक्षी मागं हुती, तिच्या नवऱ्याशेजारी, साईराजशेजारी. तिनं आज मान झाकली न्हवती. शिक्षेची तारीख २० पडली.

बाहेर आलो तर तू गाडीपाशी. नाकाखाली वाकून डावा हात घालून बघत हुतास. हात बाहेर काढलास, बोटं चोळलीस. कोरडी. बशीरचाचांना म्हणलास, "अब्बा, जोड धरून हाय." पन्नास किलोमीटर आली हुती ती, उन्हातनं. मग उठलास आन मला विचारलंस, "क्लिप आवळलीस?" म्हणलं, आवळली. एवढंच बोललो आपण. मग तू मारलीस.

सगळं आवार थांबलं. पोलीस पुढं आला, मी त्याला म्हणलं, काय न्हाई साहेब, मित्र हाय.

डावा हात मोकळा हुता तुझा. तरी तू उजवाच उचललास. मला दिसलं, तो खांद्यापर्यंत यायला किती वेळ लागला. बोटं सरळ हुईनात, तशीच वाकडी माझ्या गालावर आली. मी डोळं मिटलं हुतं, कान वाजंल म्हणून दात बी आवळलं हुतं. दहावीतली थप्पड मला ठाऊक हाय न्हवं?

लागली न्हाई रं. काय सुदिक लागली न्हाई. गालावर तुझी बोटं टेकली, एवढंच कळलं.

गाडी तुझ्या दुकानापुढं लावलीय. किल्ली चाचांकडं.

उदय